मास्त्रो ओरोंझोची शिवलेली वेणी

आमच्या गल्लीतला न्हावी ओरोंझो, मानानं मास्त्रो म्हणजे उस्ताद, हा जन्मजात भित्रा. जळवा लावताना रोग्याआधी त्याचाच चेहरा पांढरा पडायचा, आणि दात दुसऱ्याचा उपटताना "आई गं" तो म्हणायचा. तरी गिऱ्हाइकं त्याच्याकडेच, कारण भित्र्या माणसाचा वस्तरा हलका चालतो.

राजाला पळवून लावून फ्रेंच फौज आली तेव्हा आंद्रिया गावाच्या बाजूचं आभाळ धुरानं काळं झालं होतं. त्या गावानं दरवाजे लावून घेतले होते म्हणे. आमच्या गावानं ते इतके सताड उघडले, की बिजागऱ्या तेवढ्या निखळायच्या राहिल्या. फ्रेंचांनी चौकात एक खांब रोवला, त्यावर लाल टोपी चढवली आणि त्याला स्वातंत्र्याचं झाड म्हटलं. नोटरी लिबोरियोसाहेब रातोरात प्रजासत्ताकवाले झाले. पुरुषांनी जुन्या चालीनं पाठीवर वेणी सोडणं ही राजाच्या गुलामांची खूण, असं त्यांनी जाहीर केलं. धूर अजून दिसत होता, त्यामुळे कुणी वाद घातला नाही. ओरोंझोनं आधी स्वतःची वेणी कापली, मग एकेका पुरुषाची.

कापलेले केस आमच्याकडे कुणी उकिरड्यावर टाकत नाही. चेटकिणीच्या हाती एक केस लागला तरी माणूस वाळत जातो, हे पाद्रीबुवासुद्धा हळू आवाजात कबूल करतात. ओरोंझोला तर चेटकिणीची भीती फ्रेंचांहून जास्त. त्यानं ज्याची वेणी त्याच्याच फितीत गुंडाळून पिठाच्या पेटीत ठेवली. "उंदरांच्या शेपट्या जमवतोयस का?" म्हणून बायको अपोलोनिया करवादली, पण हात लावायची तिचीही छाती झाली नाही.

वसंतात फ्रेंच निघून गेले, कुणाचा निरोपही न घेता. मागोमाग बातमी आली की कार्डिनलची, म्हणजे बड्या धर्मगुरूची, फौज येते आहे. राजासाठी आणि धर्मासाठी उठलेले शेतकरी, गुराखी, आणि कैदेतून सुटलेले चार बदमाश. शेजारच्या गावात ते पुरुषांच्या वेण्या ओढून बघत होते. वेणी नसेल तो फ्रेंचांचा माणूस, हातात आली तर फ्रेंचांचा लबाड माणूस. गोळी घालायची भिंत दोघांना एकच.

गावाच्या तोंडचं पाणी पळालं. ओरोंझोच्या मागच्या दारी रांग लागली. मेण, डांबर, चांभाराचा दोरा, जे मिळेल त्यानं तो वेण्या जोडत सुटला. बहुतेकांचे केस बोटभर वाढले होते, त्यांत गुंफता आलं. लिबोरियोसाहेबांनी मात्र जुन्या रोमन वीरांसारखं दिसायच्या हौसेनं मान दर आठवड्याला भादरून घेतली होती. त्यांची वेणी नुसत्या डांबरावर चिकटवावी लागली.

"धरेल ना रे न्हाव्या?"

"शिंकू नका, साहेब."

वेशीवर ढोल वाजले तेव्हा ओरोंझोच्या लक्षात आलं, आपली स्वतःची पेटीतच आहे. मेण संपलेलं, डांबर संपलेलं, आणि न्हाव्याला स्वतःची मान दिसत नाही. अपोलोनियानं गादी शिवायची सुई घेतली, दोनदा प्रयत्न केला.

"केसांत धरत नाही," ती म्हणाली.

"मग?"

"कातडीत धरेल."

तिनं त्याच्या दातांत पंचा कोंबला आणि शिवायला बसली.

चौकात सगळे पुरुष उभे केले होते. फौजेचा कप्तान परवापर्यंत खेचरं हाकणारा गडी. न्हावी कोण ते त्यानं विचारलं आणि म्हणाला, "तूच ओढ. खरंखोटं तुला कळेल."

ओरोंझो एकेकाच्या मागे उभा राहिला. मनगटाला झटका द्यायचा आणि बोटं सैल सोडायची, असं करत तो पुढं सरकला. माणसंही शहाणी, ज्याची पाळी तो आधीच विव्हळायचा. मग लिबोरियोसाहेब आले. उन्हानं डांबर पाघळलं होतं, काळा ओघळ कॉलरीत शिरत होता. वेणी निघाली तर साहेब संपले, आणि ती चिकटवली कुणी हा पुढचा प्रश्न.

"मास्त्रो..." साहेब पुटपुटले. आजवर त्यांनी त्याला असं कधी म्हटलं नव्हतं.

ओरोंझोनं वेणी नुसती चिमटीत धरली. पुढं लोकांनी याला शौर्य म्हटलं. कसलं शौर्य? बोटांत जोरच उरला नव्हता.

"शेळीचं दूध काढतोयस का?" कप्तान जवळ आला, पण साहेबांकडे नाही, ओरोंझोच्या पाठीमागे. "बघू तुझी."

आणि त्यानं वेणी मुठीत धरून हिसडली.

ओरोंझो असा ओरडला की घंटाघरावरची कबुतरं उडाली. मानेवरून रक्त ओघळलं. कप्तानानं लाल झालेली मूठ पाहिली, हसला, ती ओरोंझोच्याच सदऱ्याला पुसली. "ही तर मुळापासूनची आहे. चला, दारू कुठं मिळते?"

फौज गुत्त्याकडे वळली. साहेब तिथंच मटकन खाली बसले.

ओरोंझोच्या मानेवर कायमचं टक्कल राहिलं. त्यानंतर तो दाराकडे पाठ करून कधी बसला नाही. चर्चमध्येही शेवटच्या बाकावर, भिंतीला मान टेकून.

काही वर्षांनी फ्रेंच पुन्हा आले. पहिलं गिऱ्हाईक लिबोरियोसाहेब, टोपी हातात धरून. ओरोंझोनं वेणी कापली, फितीत गुंडाळली आणि पिठाच्या पेटीत ठेवली. अपोलोनियानं शेजारी सुई ठेवली.