न सोडलेला कंदील

मुलांनो, तुम्ही पाठवलेला व्हिडिओ मी चष्मा पुसून दोनदा पाहिला. सांगलीजवळच्या एका पर्यटनाच्या मळ्यात एक म्हातारी बाई पाहुण्यांना जुनं पेव दाखवते आणि सांगते की, यात आमचा एक गडी दारूच्या नशेत उतरला आणि गेला. "आजी, हे तुझे बाबा का?" असं तुम्ही विचारलंत. हो. आणि ती बाई माझी बालमैत्रीण. बाकीचं क्रमाने सांगते.

पेव म्हणजे हळद साठवायचा जमिनीतला खड्डा. वरचं तोंड माणूस जेमतेम जाईल एवढं, आत मात्र खोलीएवढी जागा. हळद भरून तोंड मातीने लिंपलं की ती किडत नाही, कारण आत श्वास घेण्याजोगी हवाच उरत नाही. म्हणून पेव उघडल्यावर बराच वेळ तसंच ठेवायचं, मग दोरीने पेटता कंदील आत सोडायचा. तो तेवत राहिला तरच माणसाने उतरायचं, विझला तर थांबायचं. माझे वडील हे उतरायचं काम करत. पेवं तिच्या वडिलांची होती.

तिला पाचगणीच्या शाळेत घातलं तेव्हा ती एकटी राहीना, रडून रडून ताप काढी. म्हणून मालकांनी सोबतीला मलाही धाडलं. माझं इंग्रजी असं आलं. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो आणि मी तिला नावाने हाक मारायची. सुट्टीत एसटी सांगलीच्या स्टँडवर शिरली की ती "अक्का" व्हायची आणि तिची ट्रंक माझ्या हातात यायची. हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. आम्ही त्यावर हसायचोसुद्धा.

एका उन्हाळ्यात आम्ही दोघी पेवाजवळ चिंचेखाली शेंगा खात बसलो होतो. पेव नुकतंच उघडलं होतं. रस्त्यावर परगावचा ट्रक उभा होता आणि ड्रायव्हर सारखा हॉर्न वाजवत होता.

वडील म्हणाले, "आवं मालक, आत वारं न्हाई लागलं अजून. कंदील तरी सोडू द्या."

"तुझा कंदील पेटेस्तोवर तो दुसऱ्याच्या दारात जाऊन उभा राहील. भ्यालास व्हय रं? हितं पोरी बसल्यात बघ, त्या न्हाईत भ्याल्या."

हमाल हसले. वडीलही हसले, "भितोय कशाला? अक्का बगत्यात न्हवं," म्हणाले आणि दोर धरून उतरले.

थोड्या वेळात दोर ढिला पडला. वरून हाका मारल्या, ओ आली नाही. आता उतरायची कुणाची छाती होईना. शेवटी बाहेर काढलं तेव्हा त्यांच्या पापण्यांतसुद्धा हळद होती. मला एवढंच सुचलं की यांना आधी अंघोळ घालायला हवी.

फौजदार आले. हमालांनी माना खाली घातल्या. मी सांगितलं, कंदील सोडला नव्हता. फौजदार तिच्याकडे वळले. तिने आपल्या वडिलांकडे पाहिलं आणि वर्गात कविता म्हणायची तशा स्वच्छ आवाजात म्हणाली, "सोडला होता. तेवत होता. मी पाहिला."

मालकांनी मला जवळ ओढलं. म्हणाले, "पोरगी भेदरलीय." तिथे विषय मिटला.

जूनमध्ये आईने मला पुन्हा पाचगणीला पाठवलं. "न्हाई गेलीस तर जलमभर हळद निवडशील," म्हणाली. शेजारच्या पलंगावर तीच झोपायची. शाळा संपेपर्यंत तिने तो विषय काढला नाही. लेकराने बापाच्या भीतीने खोटं सांगितलं, असं मी स्वतःला समजावत आले. तेवढ्यावरच आमची मैत्री टिकली होती.

तुमचा व्हिडिओ पाहिल्यावर मी साताऱ्याहून गाडी करून तिच्याकडे गेले.

"अगं ये, ये! किती वाळलीस! साताऱ्यात जेवायला घालत नाहीत का?"

"माझे वडील दारू पीत नव्हते," मी म्हटलं.

"अगं, पाहुण्यांना काहीतरी कारण सांगावं लागतं. नाव कुठे घेतलंय मी?"

"कंदील सोडला नाही, हे कारण आहे. आजच्या पाहुण्यांना तेवढं सांग. मी लगेच जाते."

"तू लहान होतीस तेव्हा."

"आपण एका वर्गात होतो."

तिने कप खाली ठेवला. "माझे वडील तुरुंगात गेले असते, तर तुला शाळेत कुणी ठेवलं असतं? आज अशी फाडफाड बोलतेस, ती कुणामुळे?"

म्हणजे भीती नव्हती. माझा बाप आणि माझी शाळा, दोन्ही तिने कधीच एका तराजूत घालून ठेवली होती आणि तिच्या मते काटा सरळ होता.

बाहेर पेवाभोवती पाहुणे जमले होते. मी तशीच उठून तिथे गेले आणि मोठ्याने सांगितलं, "इथे माझे वडील गेले. ते शुद्धीत होते. मालकांनी कंदील सोडू दिला नाही. ही आणि मी, दोघींनी पाहिलंय."

एका तरुणाने मोबाईल वर धरला. "आजी, जरा इकडे बघून परत सांगता?"

तेवढ्यात ती मागून आली. माझ्या खांद्यावर हात ठेवून अगदी मायेने पाहुण्यांना म्हणाली, "वय झालंय हो तिचं. विसरायला होतं हल्ली."

पाहुण्यांनी समजुतीने माना हलवल्या. एका बाईने मला बसायला खुर्ची आणून दिली.