शिंप्याची फांदी

जन्मभर रुग्णवाहिका चालवलेल्या माणसाला निवृत्तीनंतर घरी बसवायचं कसं, ही चिंता त्याच्या आधी त्याच्या बायकोला लागली होती. दवाखान्यात त्याला सगळे भिंगरी म्हणत. आता तो तीन खोल्यांतच गरगर फिरे. नळ घट्ट करी, पुन्हा सैल करी, चालू घड्याळं उघडून बसे.

"घड्याळांचा जीव सोडा," टपाल कचेरीत निघालेली बायको एकदा म्हणाली. "मागच्या अंगणाकडे बघा जरा."

अंगणात होती हिरवळ आणि कडेने एकसारखी कापलेली शोभेची झुडपं. दिसायला देखणी, पण चिटपाखरू फिरकेल तर शपथ. लेक रोपवाटिकेत कामाला होती. ती म्हणाली, "बाबा, ही झाडं बाहेरची. इथल्या अळ्या ती खात नाहीत. अळ्या नाहीत तर पाखरं कशाला येतील?"

भिंगरीला एवढं पुरे झालं. उन्हाळ्यातच त्याने हिरवळ उपटली. पावसाळा लागला तशी लेकीने सांगितलेली झाडं लावली: कुंपणाला करवंद आणि बोर, उन्हात रुई, स्वयंपाकघराच्या खिडकीशी लिंबू, भिंतीजवळ भोकर. सावलीत पाण्याचं उथळ ताट ठेवलं. आणि दुसऱ्या दिवसापासून कमरेवर हात ठेवून पाखरांची वाट बघू लागला.

"पी हळद अन् हो गोरी, असं नसतं हो ते," बायको म्हणे. पण त्याला कुठला धीर? मुळं धरली का बघायला त्याने एक करवंद दोनदा उपटून पाहिलं. ते गेलंच. लिंबाची पानं अळ्यांनी फस्त केली, तेव्हा तो फवारणीची बाटली घेऊन धावला.

बायकोने मनगट धरलं. "जेवायला बोलावलंत ना त्यांना? मग पानात विष काय वाढताय?"

बाटली ठेवली, पण हात शिवशिवतच राहिले. हिवाळ्यात वाळकी पानं, उभे सुके दांडे बघून त्याचा जीव खालीवर होई. किडे त्यातच थंडी काढतात, म्हणून लेकीने झाडू लावायला बंदी केली होती. त्यातून भिंतीपलीकडची शेजारीण, "काय रान माजवलंय," म्हणायची ती वेगळीच. तरी त्याने दात-ओठ खाऊन हिवाळा काढला. पुढच्या उन्हाळ्यात रुईवर फुलपाखरं आली, तेव्हा कुठे त्याला जरा बरं वाटलं.

दुसऱ्या पावसाळ्यात भोकर भिंतीच्या वर गेलं. दोन फांद्या पलीकडे झुकल्या. शेजारीण म्हणाली, "सवडीने कापा तेवढ्या." सवड हा शब्द भिंगरीच्या कोशात नव्हता. बायको कामावर गेली आणि याने कात्री उचलली. पहिली फांदी पडली तोच एक इवलंसं पाखरू डोक्यावर चिरक्या आवाजात ओरडत घिरट्या घालू लागलं. त्याने फांदी उलटली. दोन पानं कडेने धाग्यांनी शिवलेली होती, आत कापूस आणि कापसात तीन अंडी. शिंपी पक्ष्याचं घरटं होतं ते.

त्याने फांदीचं बूड पाण्याच्या डब्यात खोचलं, डब्यासकट ती होती त्याच जागी तारेने बांधली, आणि लांब जाऊन उभा राहिला. पाखरू दोनदा आलं, जवळ बसलं, उडून गेलं. संध्याकाळपर्यंत पानं लोंबली. अंडी गार पडली होती.

बायको परतली तेव्हा तो पायरीवर बसलेला होता. असा बसलेला तिने त्याला क्वचितच पाहिला होता.

"शेजारणीने आजच कापा असं सांगितलं होतं का?" तिने विचारलं.

"नाही."

ती त्याच्या शेजारी बसून राहिली.

सकाळी तो शेजारणीकडे गेला आणि झालं ते सगळं सांगून टाकलं. ती भिंतीपाशी जाऊन ती फांदी बघून आली. मग म्हणाली, "दुसरी फांदी राहू द्या."

काही आठवड्यांनी तीच भिंतीवरून बोटाने खुणावत होती. शिंप्यांनी त्या राहिलेल्या फांदीवर नवी पानं शिवली होती, शेजारणीच्या अंगणाच्या बाजूला. भिंगरी बघायला गेला, पण एका जागी उभं राहणं त्याला जमेना. या पायावरून त्या पायावर. पाखरू बिचकलं.

"तुम्ही निघा बरं," शेजारीण म्हणाली. "काही झालं तर मी सांगते."

मग तो गल्लीला फेऱ्या घालू लागला. प्रत्येक फेरीला तिच्या फाटकाशी थांबून पिल्लं उडाली का विचारायचा, आणि ती "अजून नाही" म्हणायची. पिल्लं उडाली तेव्हा तो नेमका कोपऱ्यावर होता.

"गेली," ती म्हणाली. "आत्ताच."

"सगळी?"

"तिन्ही. शेवटचं जरा घाबरलं. फांदीवरून आधी तुमच्या लिंबावर उतरलं, मग उडालं."

त्याने ते पुन्हा एकदा, अगदी सुरुवातीपासून सांगायला लावलं. ती सांगत होती तोवर तो जागचा हलला नाही. मग बायकोला सांगायला टपाल कचेरीच्या वाटेला लागला, ती तासाभरात घरीच येणार होती तरी.