आईचं दुसरं गोंदण

आईच्या कपाळावर आणि दोन्ही हातांवर गोंदण होतं. लग्नाआधी तिच्या गावी काढलेलं. गोंदताना पोरींना बाया दाबून धरतात म्हणे, इतकं दुखतं. "मी ढिम्म हालली नाही. गोंदणारीनच घाबरली माह्याकडे पाहून," असं आई आल्यागेल्याला सांगायची. मीही गोंदून घ्यावं म्हणून मागे लागायची. "मेल्यावर सोनंनाणं लोकं काढून घेतेत. गोंदण तेवढं संगं येते." मी साफ नाही म्हणायचे. सुई दिसली की मी पळ काढायचे.

आमचं रायपूर नुकतं नव्या राज्याची राजधानी झालं होतं, तेव्हा तिच्या छातीत गाठ निघाली. बाबा शहराबाहेर उरला औद्योगिक भागातल्या लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये कामाला, त्यांना रजा मिळत नसे. गुढियारीतल्या आमच्या घरून तिला दवाखान्यात मीच न्यायचे. राजधानीच्या थाटासाठी सगळे रस्ते खणून ठेवलेले. रिक्षाला धक्का बसला की आई पदर तोंडात धरायची. गाठ साधी होती, काढून टाकली, आता नुसता शेक द्यायचा, असं आम्ही तिला सांगितलं होतं. कॅन्सर हा शब्द घरात काढायचा नाही, अशी बाबांची ताकीदच होती.

शेकाचं, म्हणजे रेडिएशनचं, मशीन रोज नेमक्या जागी लागावं म्हणून आधी छातीवर खुणा करतात. तिथल्या माणसानं शाईचा थेंब ठेवला आणि त्यावर सुई टोचली. असे तीन निळे ठिपके. मी आईचा हात धरून, मान फिरवून उभी होते.

"भैया, हे किती दिवस राहीन?" आईनं विचारलं.

"ये नहीं मिटेगा माताजी. जिंदगी भर रहेगा."

आई हुंदके देऊन रडायला लागली. मी तिला असं रडताना कधीच पाहिलं नव्हतं.

"दुखलं का?"

"हव. लय दुखलं."

माझं डोकंच फिरलं. "धीरे से नहीं होता क्या? जानवर है क्या वो?" म्हणून मी त्या माणसावर तुटून पडले. तो बिचारा सुई ठेवून बाजूला झाला. परतताना तिला हसवावं म्हणून मी म्हटलं, "गोंदणारीण घाबरली होती ना तुला? आता काय झालं?" तिनं छातीवरचा पदर घट्ट ओढून घेतला.

ती गेली तेव्हा मावशीनं अंगावरचं सोनं उतरवलं. गोंदण तिच्यासंगं गेलं. ते तीन ठिपकेही गेले.

पण तिला किती दुखलं असेल, हे काही केल्या माझ्या डोक्यातून जाईना. पुढे सदर बाजारात एका सराफाच्या वरच्या मजल्यावर टॅटूचं दुकान निघालं. एकदा आपणही सोसून बघू, म्हणून मी जिना चढले. मशीन नको म्हटलं. गळ्याखाली हातानंच एक ठिपका टोच.

"बस, एक बिंदी?" तिथली मुलगी हसली. मी दात आवळले, डोळे मिटले.

"हो गया दीदी."

मुंगी चावावी तेवढंच. मी तिला पुन्हा टोचायला लावलं. पुन्हा तेवढंच.

म्हणजे आई सुईला रडली नव्हती. साध्या गाठीसाठी जन्मभराची खूण कोण करतं? तिला तिथेच सगळं कळलं होतं, आणि आमचं खोटं उघडं पडू नये म्हणून तिनं ते सुईवर ढकललं. त्यानंतर घरी आम्ही तिच्यासमोर नाटक करत होतो आणि ती आमच्यासमोर. एकटीच्या पोटात एवढं घेऊन बसली होती माझी आई. मला रडू आवरेना.

मुलगी घाबरली. "इतना दर्द हुआ, दीदी?"

"हव," मी म्हणाले. "लय दुखलं."