नातीची परीक्षा, माझा गुडघा

गुडघ्याला चोळायच्या निरगुडीच्या तेलाचा वास आला की कापडे गावच्या घरातली ती दुपार आठवते. नर्सिंग झालेली माझी नात जर्मनीत नोकरीला जायचं म्हणून महाडला जर्मन शिकत होती. बोलायच्या परीक्षेत ती एकदा नापास झाली होती. पुन्हा झाली असती तर नोकरी हातची गेली असती. क्लासच्या बाईंनी सांगितलं होतं, पाठांतर पुरे, घरातल्या कुणाला तरी पेशंट करून त्याच्याशी बोला. भात झोडून माझं अंग मोडून आलं होतं, तशीच तिनं मला खाटेवर आडवी केली. "आजे, मराठी बोलायचं नाय हां." "मग काय बोलू गो? तुझं जर्मन मला कुठं येतंय?" "हातानं दाखव, नायतर कण्ह नुसती." कण्हणं मला जमण्यासारखं होतं. तिनं गुडघ्यावर हात ठेवून काहीतरी विचारलं. कुठं दुखतं, एवढंच असणार. मी बोटानं जरा खाली दाखवलं, तिनं तिथं हलकं दाबून पुन्हा विचारलं. चुलीपाशी बसलेली सून हसली, "आई, नाटक भारी करता." नाटक कसलं? इतक्या वर्षांत मला ते मराठीत कुणी विचारलं नव्हतं. नात पास झाली, गेली. आता ती तिकडच्या म्हाताऱ्यांना रोज विचारते, आणि इकडे मी माझ्या हातानं तेल चोळते.