गोळी आणि फवारा

पलटणीत त्याला सगळे कंपाउंडर म्हणत, आणि निवृत्तीनंतरही ते नाव चिकटलं ते चिकटलंच. माणूस भारी काटेकोर. आघाडीवर जवानांना विषारी वायूपासून बचावाची गोळी रोज द्यायची आणि तंबूत, गणवेशांवर किडे मारायचं औषध फवारायचं, ही दोन्ही कामं त्याची. पोरं एकजात बिलंदर! गोळी जिभेखाली दडवून मागे जाऊन थुंकायची. मग हा एकेकाला समोर उभं करून दरडावायचा, "आ कर. जीभ वर!" रांगेत सगळ्यात पुढे उभा करायचा तो सख्खा धाकटा भाऊ. घरच्याला सूट दिली असं कुणी म्हणायला नको ना!

आज त्या धाकट्याला चहाचा कप धरवत नाही. पाय ओढत चालतो, बोलता बोलता वहिनीचं नाव विसरतो. लष्करी इस्पितळात कायमचे उपचार हवेत, तर दुखणं नोकरीतलंच आहे हे वैद्यकीय मंडळाने मान्य करायला हवं. म्हणून कंपाउंडर त्याचा दंड धरून मंडळापुढे गेला.

साक्षीला एक जुना जवान आला होता. गोळ्या थुंकायचा म्हणून कंपाउंडरने त्याला दोनदा शिक्षा करवली होती. गडी दोन जिने धडाधड चढून आला, साधी धापही नाही! कंपाउंडरने मान खाली घातली.

डॉक्टरांनी दोन कागद काढले. "गोळी तपासलेली, निर्धोक. फवाराही तपासलेला, निर्धोक."

"आणि दोन्ही एकाच अंगात, रोज? ते कुणी तपासलं, साहेब?" कंपाउंडरने विचारलं.

डॉक्टर काही वाईट माणूस नव्हता. चष्मा काढून म्हणाला, "तसा कागदच नाही. तुमचं खरं असेलही, नसेलही. पण मला लिहून देता येत नाही."

"विषाची परीक्षा पाहू नये म्हणतात, साहेब. मी ती भावावर पाहिली. आता निकाल तरी सांगा!"

डॉक्टरांनी दोन्ही कागद परत फाइलीत ठेवले. आता बोला, भांडायचं तरी कुणाशी? अर्ज नामंजूर झाला.

घरी आल्यावर कंपाउंडरने थरथर कमी करायची गोळी भावाच्या तळहातावर ठेवली. ती घरंगळली. त्याने ती उचलून भावाच्या तोंडात घातली, पाणी पाजलं. धाकट्याने गिळली, आणि सवयीने आ करून जीभ वर उचलली.

"बघ दादा, गिळली."

कंपाउंडरला हुंदका आवरेना. "मिट रे तोंड," तो म्हणाला. "मिट, बाळा."

धाकटा तसाच आ करून उभा राहिला. दादा नीट बघेपर्यंत तोंड मिटायचं नाही, असा दादाचाच नियम होता.