कुणी सोडतंय का कॉलेज?

प्रवेशाच्या दिवसांत आठवडाभर कॉलेजच्या खिडकीमागे बसा, सांगायला किस्से कमी पडणार नाहीत. मी केमिस्ट्री शिकवते, तेही तासिका तत्त्वावर. पण क्लार्क निवृत्त झाले, त्यांच्या जागा भरल्याच नाहीत, म्हणून जूनमध्ये खिडकीवरही मीच. शेजारी आहेर भाऊसाहेब, ऑफिसातले एकमेव कायम क्लार्क.

*

अनुदान आटलं तेव्हा प्राचार्यांनी मीटिंग घेतली. तिसऱ्या वर्षाच्या दोन तुकड्यांची एक झाली, एका लॅबला कुलूप लागलं. वर सर म्हणाले, "ही कपात नाही. फक्त रिकामी पदं भरायची नाहीत."

भाऊसाहेब मागून पुटपुटले, "म्हणजे जेवण चालू, फक्त चूल पेटवायची नाही."

कुणी हसलं नाही. पुढच्या वर्षी आपण इथे असू का, याचीच प्रत्येकाला धास्ती होती.

*

दुसऱ्या कॉलेजातून बदलून येणाऱ्यांना आता एकच वाट उरली, आमचा एखादा विद्यार्थी सोडून गेला तर. हे कळल्यावर पंचवटीतल्या एका काकूंनी खिडकीत वाकून मला हळूच विचारलं, "मॅडम, वर्गात कुठल्या मुलीचं लग्न ठरलंय का हो?"

"ठरलं तरी हल्ली मुली परीक्षा देऊनच जातात, काकू," भाऊसाहेब म्हणाले.

"चांगलंच आहे म्हणा," असं म्हणत काकू पडल्या चेहऱ्याने निघून गेल्या.

*

घोटीहून एक गृहस्थ आले. "लॅब हाय, किल्ली हाय, मग माझ्या पोराला का नाय घेत?"

"शिकवायला माणूस नाही, दादा."

"मग तुम्ही कोण?"

"मी तासावर आहे. तुकडी वाढली तर माझे तास वाढतील."

"मग वाढवा की तुकडी."

"त्याला शिक्षक लागतो."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

*

आता वैशालीचं सांगते. बागलाणातली, हुशार पोरगी. तिच्या गावच्या कॉलेजात शिक्षक मिळेना म्हणून तिसऱ्या वर्षाची केमिस्ट्रीच बंद पडली. यंदा जागा मिळाली नाही तर घरचे पुन्हा पाठवणार नव्हते. रोज यायची, ऑफिससमोरच्या बाकावर बसायची. "मॅडम, कुणी सोडलं का?" एवढंच विचारायची. शेवटच्या दिवशी तर तेही विचारलं नाही.

त्या दुपारी आमच्याच तिसऱ्या वर्षाचा एक मुलगा दाखला मागायला आला. माझा जीव भांड्यात पडला. भाऊसाहेबांनी वैशालीला खुणेनेच जवळ बोलावलं. अर्जावर सहीसाठी पेन टेकवत त्यांनी मुलाला विचारलं, "कुठे चाललास?"

"गावाकडं. घरून जाता येईल, सर." त्याने कॉलेजचं नाव सांगितलं.

वैशालीचंच कॉलेज.

"विषय कोणता तुमचा?" तिने विचारलं.

"केमिस्ट्री."

भाऊसाहेबांचं पेन थांबलं. मी वैशालीकडे बघत होते. खरं सांगते, तिने गप्प राहावं असं मला वाटत होतं.

"तिथं केमिस्ट्री बंद झालीय," ती म्हणाली. "मी तिथूनच आलेय."

मुलाने अर्ज ओढून घेतला आणि तो जिना उतरून गेला.

भाऊसाहेबांनी कपाळाला हात लावला. "अगं बाई, माझी सही तरी होऊ द्यायची होतीस."

"सही झाल्यावर त्याला परत कुणी घेतलं असतं, सर?"