गिटारमधली घरघर

दोन वर्षं सगळे मला सांगत होते की चूक माझीच आहे, आणि दोन वर्षं मी ते ऐकून घेतलं. अजूनही आठवलं की डोकं तापतं.

माझं माहेर रोह्याचं. भाऊ बेंजो पार्टीत कीबोर्ड वाजवायचा. हळदी, वराती, गणपती, जिथे बोलावतील तिथे जायचा. पार्टीतली इलेक्ट्रिक गिटार वाजवणारे गृहस्थ नोकरीनिमित्त गुजरातला गेले आणि गिटार आमच्या घरात कपाटाच्या मागे पडून राहिली. ती मी उचलली. भावाने चार सूर दाखवले, बाकीचं मी ऐकून ऐकून शिकले. लग्न होऊन पेणला रामवाडीत आले तेव्हा ती सोबत आणली. नवरा डोलवीला कंपनीत कंत्राटावर होता, मी गावातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन. गिटार म्हणजे काय ते सासूबाईंना ठाऊक नव्हतं. त्या शेजारणींना सांगायच्या, "सून बेंजो वाजवते." त्यांच्या सांगण्यात कौतुक असायचं, म्हणून मी कधी दुरुस्त केलं नाही.

पुढे भावाने पार्टी सोडली आणि रोह्यातल्या घरी एका खोलीत रेकॉर्डिंग सुरू केलं. देवीची गाणी, हळदीची गाणी. गिटारचा तुकडा हवा असला की तो मला फोन करायचा. मी पेणला घरीच वाजवून, रेकॉर्ड करून पाठवायचं असं ठरलं. एक छोटा अँप, म्हणजे गिटारचा स्पीकर, घेतला, एक माइक, लॅपटॉपला जोडायचं कार्ड. दुपारी लॅबमधून आले की मागच्या खोलीचं दार लावून बसायचे.

चांगला टोन म्हणजे काय हे मला कुणी शिकवलं नाही. अँप लादीवर ठेवला की खालचे सूर ढोलासारखे घुमतात. स्टुलावर गोधडीची घडी ठेवून त्यावर ठेवला की मोकळे होतात. माइक स्पीकरच्या बरोबर मधोमध धरला तर आवाज कानात सुईसारखा टोचतो. दोन बोटं बाजूला सरकवला की गोडवा येतो. अँपच्या बटणाने सुराला द्यायची करकर जेवढी हवीशी वाटते त्याच्या निम्मीच ठेवायची, कारण रेकॉर्डमध्ये ती दुप्पट होऊन येते. भिंतीला गाद्या उभ्या केल्या की खोलीचा पोकळपणा जातो. हे सगळं मी चुका करत शिकले आणि त्याचा मला अभिमान होता.

पण सगळ्याच्या खाली एक घरघर होती. एकसारखी, जाड, डबक्यावर माश्या घोंगावाव्यात तशी. तारांवर हात ठेवला की कमी व्हायची, उचलला की वाढायची. दोन सुरांच्या मधे जिथे शांतता हवी, तिथे ती बसलेली असायची. आणि तारांवर हात असताना, आधी गाण्याचं नाव बोलायला वाकले आणि ओठ माइकला लागला की झिणझिणी यायची. एकदा तर इतकी आली की तोंडात लोखंडाची चव राहिली.

भाऊ म्हणाला, "गो, तुझा हात साफ नाय. तारा नीट दाबत नाय तू." मी बोटांची सालं निघेपर्यंत सराव केला. मग त्याने सांगितलं, केबल हलकी असेल. केबल बदलली. मग गिटारचंच काहीतरी बिघडलंय म्हणाला. पनवेलला नेऊन आतली वायरिंग नवी करून आणली. घरघर तशीच. मी ट्यूबलाइट बंद करून वाजवलं, पंखा बंद करून वाजवलं, फ्रिजचं बटण बंद केलं आणि सासूबाईंची बोलणी खाल्ली. खोलीत फिरून फिरून कोणत्या दिशेला तोंड केलं की आवाज कमी येतो ते शोधलं आणि खिडकीकडे पाठ करून, मान वाकडी करून वाजवत बसले. शेवटी भावाने माझे तुकडे घेणं बंद केलं. फोनवर म्हणाला, घरी वाजवलेलं घरचंच वाटतं. त्याच्या गाण्यांत दुसऱ्या कुणाची तरी गिटार यायला लागली.

आमच्या इमारतीचं सगळं लाइटचं काम ज्याने केलं त्या वायरमनलाही मी बोलावलं होतं. त्याने स्क्रू ड्रायव्हरचा टेस्टर बोर्डात घातला, दिवा लागला, म्हणाला, "लाइन बरोबर हाय वहिनी. बेंजोचा दोष हाय." नवऱ्याने मान डोलावली. रात्रपाळी करून आलेल्या माणसाशी मी वाद घातला नाही.

त्याच सुमारास तळमजल्यावरचे आजोबा पडले. खाडीकडच्या एका गावात त्यांनी आयुष्यभर मिठागरात काम केलेलं, म्हातारपणी मुलाकडे येऊन राहिले होते. न्हाणीघरात गीझरच्या नळाला हात लावला आणि भिंतीवर आपटले. मनगट मोडलं. भेटायला गेले तेव्हा पलंगावर बसून ते एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होते, "मना लायटीनी धरला." विजेने पकडलं, असं. सूनबाई म्हणाली, वय झालंय, चक्कर आली असणार. मुलगाही तेच म्हणाला. मी लॅबमधली बाई, शहाणी. मीही त्यांना साखर तपासून घ्या म्हणून सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी सुई घेऊन गेले. त्यांनी मुकाट्याने दंड पुढे केला. साखर अगदी व्यवस्थित निघाली. तरीही माझ्या डोक्यात काही आलं नाही.

दिवाळीत रोह्याला गेले तेव्हा भावाला एकदा समोर बसवून ऐकवायचं म्हणून सगळं घेऊन गेले. तीच गिटार, तोच अँप, तीच केबल, तोच माइक. त्याच्या खोलीत जोडलं. बटण दाबलं आणि काहीच ऐकू आलं नाही. मला वाटलं अँप लागलाच नाही. तारेवर बोट मारलं तर सूर आला, भरलेला, करकरीत, आणि संपला तेव्हा खरंच संपला. मागे काही उरलं नाही. भाऊ म्हणाला, "बघ, आता हात साफ झाला." बोलले असते तर सणाच्या दिवशी भांडण झालं असतं. पण मला तेव्हाच कळलं होतं की हात तोच आहे, फक्त भिंत वेगळी आहे.

पेणला परतल्यावर नवऱ्याच्या मागे लागले. कंपनीत त्याच्यासोबत एक इलेक्ट्रिशियन होते, मूळचे खांब गावचे, कमी बोलणारे. सुट्टीच्या दिवशी ते घरी आले. होल्डरला दोन वायरी जोडलेला एक साधा बल्ब पिशवीतून काढला. एक टोक बोर्डातल्या लाइनच्या भोकात घातलं, दुसरं वरच्या मोठ्या भोकात, सुटलेली वीज जमिनीत नेणाऱ्या अर्थिंगच्या. बल्ब लागला नाही. दुसऱ्या बोर्डात नाही, स्वयंपाकघरात नाही, न्हाणीघरात नाही. मग त्यांनी बोर्ड उघडला. मोठ्या भोकाच्या मागे बोटाएवढा हिरव्या वायरचा तुकडा होता. कापून, वाकवून ठेवलेला, उघडून बघणाऱ्याला वाटावं की वायर आहे. पुढे ती कुठेच जात नव्हती. खाली जाऊन मीटरच्या खोलीमागे पाहिलं. जमिनीत अर्थिंगचा खड्डाच नव्हता.

ते म्हणाले, "वहिनी, अर्थिंग नसलं की अँप असाच घरघरतो. तुमची गिटार खरं बोलत होती."

मी खाली आजोबांच्या घरी गेले. इलेक्ट्रिशियननी गीझर तपासला. आतला कॉइल चिरलेला होता, गीझरच्या अंगाला वीज येत होती, आणि ती जमिनीत जायला वाटच नव्हती. जो हात लावेल त्याच्यातून जाणार. आजोबा दारात उभे राहून बघत होते. प्लास्टर निघालं होतं, पण मनगट वाकडंच राहिलं होतं. मी त्यांना म्हटलं, आजोबा, माझं चुकलं. ते म्हणाले, "मी सांगत होतो ना." एवढंच. त्या चार शब्दांनी मला जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कुणाच्या शिवीने आला नाही, आणि त्यातला अर्धा माझ्यावरच होता. दोन वर्षं मी एका घरघरीमागे कान लावून बसले होते आणि माझ्या पायाखालच्या मजल्यावर एक माणूस तीच गोष्ट मराठीत सांगत होता.

मग मी घरोघर विचारलं. प्रत्येकाने हसत हसत सांगितलं. वॉशिंग मशीनला हात लावताना आम्ही चप्पल घालतो. फ्रिज उघडताना पाटावर उभे राहतो. मिक्सर थोडा झिणझिणतो, जुना झालाय. सगळ्यांनी आपापली वस्तू दोषी ठरवली होती, नाहीतर आपापली बाई.

बिल्डरचं ऑफिस हायवेलगत होतं. मी, नवरा आणि आजोबांचा मुलगा गेलो. तिथे भिंतीवर नव्या इमारतीचं रंगीत चित्र लावलेलं होतं. मी तो हिरवा तुकडा टेबलावर ठेवला. बिल्डरने माझ्याकडे पाहिलंच नाही, नवऱ्याशी बोलला. म्हणाला, इतकी वर्षं कुणाची तक्रार नाय, आणि आता तुमच्या मिसेसच्या बेंजोसाठी मी जमीन खणू का? मी म्हटलं, "माझ्याकडे बघून बोला. गिटार माझी आहे आणि तुकडाही माझ्याच घरच्या बोर्डातला आहे." मग त्याने पाहिलं, पण चहा सांगितला आणि विषय बदलला. मी चहा घेतला नाही. वीज खात्यात लेखी अर्ज दिला. तिथून माणूस आला, पाहून गेला आणि शेरा मारला की इमारतीच्या आतलं काम रहिवाशांनी बघावं. कागदोपत्री अर्थिंग केलेलं होतंच, त्याखाली सही होती, त्याच वायरमनची.

शेवटी आम्हीच केलं. खांबच्या इलेक्ट्रिशियननी दोन सुट्ट्या घातल्या. मागच्या अंगणात खड्डा खणला, पट्टी उभी केली, भोवती कोळसा आणि मिठाचे थर द्यायचे होते. दुकानातली बारीक मिठाची पुडी कुणीतरी आणली तेव्हा आजोबा चिडले. त्यांनी गावाहून जाड्या मिठाचं पोतं मागवलं आणि धडक्या हाताने स्वतः थर घातले, वर पाणी ओतलं, कुणाला हात लावू दिला नाही. पाइपातून घरोघर हिरवी वायर ओढायला महिना गेला. दोन घरांनी नकार दिला, भिंतीचा रंग खराब होतो म्हणून. त्यांच्या घरी अजून चप्पल घालून कपडे धुतात.

आमचा बोर्ड जोडला त्या दुपारी मी अँप लावला. घरघर गेली होती. अगदी सगळी नाही, ट्यूबलाइट लागली की थोडी सळसळ येते, तेवढी चालते. मी माइक दोन बोटं सरकवला, करकर निम्म्यावर आणली आणि वाजवलं. सूर संपल्यावर बाहेर कावळा ओरडलेलाही रेकॉर्डमध्ये ऐकू आला. सासूबाई दारात येऊन म्हणाल्या, आज बेंजो बरा वाजतोय. मी त्यांना पहिल्यांदा सांगितलं की याला गिटार म्हणतात, आणि ती बरी वाजतच होती, घर वाईट होतं.

त्या दुपारी रेकॉर्ड केलेला तुकडा मी भावाला पाठवला. त्याचा फोन आला, छान झालंय, पुढच्या देवीच्या गाण्याला घेऊ. मी विचारलं, आणि माझ्या हाताचं काय? तो हसला, म्हणाला, जुनं काय उकरतेस. मी त्याला सांगितलं की आधी माफी माग, मग गाणं पाठव. बरेच दिवस त्याचा फोन आला नाही. नंतर आला, माफीही मागितली, तोंडदेखली. मी गाणं वाजवलं.

हायवेवरच्या ऑफिसातल्या चित्रातली इमारत आता उभी राहिली आहे. लोक राहायला आले आहेत. माझ्या लॅबमध्ये तिथला पत्ता लिहिलेला रुग्ण आला की रक्त घेताना मी विचारते, घरी फ्रिजला हात लावल्यावर झिणझिणतं का. बहुतेक जण हसतात. गेल्या आठवड्यात एक बाई हसली नाही. तिला मी इलेक्ट्रिशियनचा नंबर दिला.